अवे एंडचा दिवस: इंग्लंडमध्ये पाहुणा समर्थक म्हणून मॅचला जाताना

प्रीमियर लीगमधल्या प्रत्येक संघाच्या वाट्याला मोसमात ३८ सामने येतात, त्यातले १९ दुसऱ्याच्या मैदानावर. आपल्या संघामागून तिथे जाणारे ते अवे समर्थक, आणि त्यांना मैदानात जो कोपरा मिळतो तो अवे एंड. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलामुलींना हा कोपरा टीव्हीवरून चांगला ओळखीचा असतो. सगळ्यात जास्त आवाज तिथूनच येतो. तिथे पोचायचं म्हटलं की मात्र नियमांचं जंगल लागतं. तिकीट पैसे देऊन मिळत नाही, तारीख बदलते, बसमध्ये बिअर चालत नाही, पाण्याच्या बाटलीचं झाकण काढून घेतात, मॅच संपल्यावर बाहेर सोडत नाहीत.

हे नियम सुटे सुटे पाहिले तर विक्षिप्त वाटतात. पण जवळजवळ सगळे एकाच गोष्टीतून निघाले आहेत: दोन्ही बाजूंचे लोक एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. हे लक्षात ठेवलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

वेगळं का ठेवतात

१९८५ साली ब्रसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूल आणि युव्हेंटस यांच्यात युरोपियन कपची अंतिम लढत होती. लिव्हरपूलच्या समर्थकांना लागून असलेला झेड विभाग 'तटस्थ' प्रेक्षकांसाठी राखला होता. प्रत्यक्षात तिथली बरीच तिकिटं युव्हेंटसच्या चाहत्यांकडे गेली. मध्ये काय, तर तकलादू जाळी. लिव्हरपूलच्या बाजूने लोक धावून गेले, समोरचे घाबरून मागे रेटले गेले, भिंत कोसळली. ३९ माणसं मेली. इंग्लिश क्लबांना युरोपातल्या स्पर्धांतून पाच वर्षं बाहेर बसावं लागलं, लिव्हरपूलला सहा. आपल्याकडेही १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या सामन्यात प्रेक्षकांत हाणामारी होऊन १६ जणांचा जीव गेला होता.

१९८९ ची शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावरची दुर्घटना अनेकदा याच माळेत ओवतात, ते साफ चूक आहे. तिथे लिव्हरपूलचे ९७ समर्थक गेले ते दंगलीत नव्हे. आधीच भरलेल्या कुंपणबंद कप्प्यांत आणखी गर्दी सोडली गेली आणि माणसं चिरडली. समर्थकांचा दोष नव्हता, हे २०१६ मध्ये ज्युरीने स्पष्ट सांगितलं. दुर्घटनेनंतर लगेच आलेल्या टेलर चौकशी अहवालाने कुंपणं गेली आणि लीगच्या वरच्या दोन विभागांतल्या (म्हणजे स्तरांतल्या) मैदानांवर खुर्च्या सक्तीच्या झाल्या.

म्हणजे धडे दोन, आणि एकमेकांना छेद देणारे. लोक वेगळे ठेवा, पण पिंजऱ्यात कोंडू नका. म्हणून आज अवे एंडच्या कडेला लोखंडी जाळी दिसत नाही. दिसतात त्या कापडाने झाकलेल्या रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा आणि मैदानाकडे पाठ करून उभे असलेले स्टुअर्ड, म्हणजे गर्दी सांभाळणारे कर्मचारी. कुंपणाचं काम आता वेळापत्रक, तिकीट, बस आणि गल्ल्या करतात.

तिकीट: पैसे असून भागत नाही

प्रीमियर लीगचा नियम असा: पाहुण्या क्लबला ३,००० तिकिटं, आणि मैदानाची क्षमता ३०,००० पेक्षा कमी असेल तर क्षमतेच्या दहा टक्के. मँचेस्टर युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्डवर ७४ हजारांच्या आसपास माणूस मावतो, तिथे पाहुणे तीन हजार. बोर्नमथचं मैदान साडेअकरा हजारांच्याही आतलं, तिथे जेमतेम अकराशे-बाराशे. मोठ्या क्लबच्या समर्थकाला बोर्नमथचं तिकीट मिळवणं ओल्ड ट्रॅफर्डपेक्षा अवघड जातं ते यामुळे.

किंमत मात्र परवडणारी आहे. २०१६-१७ च्या मोसमापासून प्रीमियर लीगमध्ये अवे तिकिटाला कमाल ३० पौंडांची मर्यादा आहे. ती आपसूक मिळालेली नाही. जानेवारी २०१३ मध्ये आर्सेनलच्या मैदानावरच्या सामन्यासाठी मँचेस्टर सिटीच्या समर्थकांना ६२ पौंडांचं तिकीट लावलं होतं, तेव्हा सिटीला मिळालेल्या तीन हजारांपैकी ९१२ तिकिटं खपली नाहीत आणि परत गेली. अवे तिकीट वीस पौंडांतच हवं, अशी समर्थक संघटनांची मोहीम त्याच वर्षी उभी राहिली. वीस काही झाले नाहीत, पण तीसवर गाडी थांबली.

ही तिकिटं यजमान क्लब विकत नाही. ती तुमच्या स्वतःच्या क्लबकडे येतात आणि क्लब ती आपल्या लोकांत वाटतो. त्यातली काही अवे सीझन तिकीटवाल्यांकडे, म्हणजे मोसमभराच्या अवे सामन्यांचं तिकीट आधीच घेतलेल्यांकडे जातात. काही खेळाडूंच्या घरच्यांसाठी, काही व्हीलचेअरवरच्या प्रेक्षकांसाठी बाजूला निघतात. उरलेली लॉयल्टी पॉइंटच्या उतरत्या क्रमाने. पूर्वी जितक्या अवे सामन्यांची तिकिटं घेतली तितके पॉइंट. ज्यांच्याकडे सर्वांत जास्त त्यांच्यासाठी विक्रीची खिडकी आधी उघडते, एखाद-दोन दिवसांनी त्याखालच्यांसाठी, मग आणखी खाली. मोठ्या क्लबांत ती तळापर्यंत पोचतच नाही. मेंबरशिप घेतली म्हणजे तिकीट मिळालं असा नव्या मंडळींचा समज असतो. मेंबरशिपने फक्त रांगेत उभं राहायचा हक्क मिळतो.

पेच उघड आहे. पॉइंट नाहीत म्हणून तिकीट नाही, तिकीट नाही म्हणून पॉइंट नाहीत. तो फोडायचा तर ज्या सामन्याला कुणाला जायचं नसतं तो धरा: मंगळवार-बुधवारची रात्र, दूरचं गाव, लीग कप या बाद पद्धतीच्या स्पर्धेची सुरुवातीची फेरी. एफए कप ही दुसरी बाद स्पर्धा त्याहून चांगली, कारण तिथे पाहुण्यांचा वाटा पंधरा टक्क्यांपर्यंत जातो. साठ हजारांच्या मैदानावर तो नऊ हजार होतो, अर्थात सुरक्षेच्या कारणाने कमी केला नाही तर. काही क्लब थोडी तिकिटं सोडतीने वाटतात, तिथे दर वेळी नाव घालत राहा. आणि मित्राच्या नावावरचं तिकीट 'वापरायला' घेण्याआधी दोनदा विचार करा. पॉइंट जमवायला तिकीट घेऊन दुसऱ्यालाच पाठवणारे इतके वाढले की काही क्लब आता निवडक लोकांना छायाचित्र असलेलं ओळखपत्र घेऊन मैदानाच्या खिडकीवरच तिकीट घ्यायला बोलावतात. नाव जुळलं नाही तर तिकीट रद्द, आणि मूळ मालकाच्या पॉइंटवरही गदा.

काळ्या बाजाराची गोष्ट थोडी वेगळी आहे. ब्रिटनमध्ये संगीताच्या कार्यक्रमाचं तिकीट तिसऱ्याला विकणं चालून जातं, पण फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. कारण पुन्हा तेच: कोण कुठे बसणार हे विक्रीच्या वेळीच ठरलेलं असायला हवं. समाजमाध्यमांवर दीडशे-दोनशे पौंडांना 'अवे तिकीट' विकणाऱ्यांपैकी बरेच जण एकच स्क्रीनशॉट दहा जणांना विकतात. टर्नस्टाइलपाशी, म्हणजे एकेकाला आत सोडणाऱ्या दांड्याच्या दारापाशी ते कळतं, तोवर रेल्वेभाडंही गेलेलं असतं.

मग होम बाजूचं तिकीट काढून गुपचूप बसलं तर? मैदानाच्या नियमांत लिहिलेलं असतं की होम विभागात सापडलेल्या पाहुण्या समर्थकाला बाहेर काढता येतं, आणि खरोखर काढतात. अंगातली जर्सी लपवता येते, पण नव्वदाव्या मिनिटाला आपल्या संघाचा गोल झाल्यावर हात वर जातातच. हे हात दाखवून अवलक्षण टाळायचं असेल तर होम विभागात जाऊच नका. गेलातच, तर रंग नकोत, गाणं नको, फोनवर मोठ्याने बोलणंही नको.

तारीख: कॅलेंडरवर पेन्सिलनेच लिहा

मोसमाचं वेळापत्रक जूनच्या मध्यावर येतं आणि त्यात बहुतेक सामने शनिवारी दुपारी तीनला दाखवलेले असतात. त्यावर विसंबून कुणी रेल्वे काढू नये. ब्रिटनमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळात फुटबॉल थेट दाखवायला बंदी आहे. खालच्या विभागांच्या मैदानांवरची गर्दी आटू नये म्हणून ही जुनी सोय. त्यामुळे टीव्ही कंपनीने एखादा सामना निवडला की तो तीनच्या जागेवरून हलणारच: शुक्रवार रात्री आठ, शनिवार साडेबारा किंवा साडेपाच, रविवार दोन किंवा साडेचार, सोमवार रात्री आठ. ही निवड साधारण पाच-सहा आठवडे आधी जाहीर होते, एप्रिल-मेमध्ये त्याहून उशिरा. शिवाय दोघांपैकी एक संघ गुरुवारी युरोपात खेळणार असेल, तर शनिवारचा सामना रविवारवर गेलाच म्हणून समजा.

रेल्वेची स्वस्त अ‍ॅडव्हान्स तिकिटं साधारण बारा आठवडे आधी खुली होतात. म्हणजे भाडं स्वस्त असतं तेव्हा तारीख पक्की नसते, आणि तारीख पक्की होते तेव्हा भाडं चढलेलं असतं. अ‍ॅडव्हान्स तिकीट ठरलेल्या गाडीपुरतंच चालतं. निघण्याआधी शुल्क भरून बदलता येतं, पण पैसे परत मिळत नाहीत. त्यामुळे टीव्हीची निवड जाहीर होईपर्यंत थांबा आणि जाहीर झाल्याच्या दिवशीच काढा. लगेच सगळे त्यावर तुटून पडतात. परतीसाठी ऑफ-पीक (गर्दीच्या वेळा सोडून चालणारं) तिकीट महाग दिसलं तरी बहुधा तेच शहाणपणाचं, कारण ते एका गाडीला बांधलेलं नसतं. रेलकार्ड (रेल्वेचं सवलतपत्र) असेल तर एक तृतीयांश सूट मिळते. तीन ते नऊ जण मिळून जाणार असाल तर अनेक रेल्वे कंपन्यांची ग्रुपसेव्ह सूटही तेवढीच असते आणि तिला कार्ड लागत नाही.

परतीच्या गाडीचा हिशेब नवखे हमखास चुकतात. तीनला सुरू झालेली मॅच पावणेपाचला संपत नाही. पंचेचाळीस अधिक पंचेचाळीस, मधली पंधरा मिनिटं आणि दोन्ही अर्धांतली भरपाईची वेळ मिळून पाच वाजायला येतात. अवे एंड रिकामा व्हायला पंधरा-वीस मिनिटं, कधी जास्त. ओल्ड ट्रॅफर्डहून मँचेस्टर पिकॅडिली स्टेशन पाचेक किलोमीटर आहे. ट्रामची रांग लांबलचक, त्यापेक्षा काही जण तासभर चालणं पत्करतात. म्हणून साडेसहाच्या आधीची गाडी काढू नका. एफए कपचा सामना असेल तर आणखी तासभर हातचा ठेवा: २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांतल्या फेरसामन्यांची पद्धत बंद झाली आहे, बरोबरी झाली की त्याच दिवशी अर्ध्या तासाचा जादा वेळ आणि मग पेनल्टी. लीग कपच्या सुरुवातीच्या फेऱ्यांत जादा वेळ नसतो, थेट पेनल्टी होतात.

सोमवारी रात्री आठची मॅच न्यूकॅसलला असेल तर लंडनकरांनी रेल्वेने त्याच रात्री घरी परतायचा विचार सोडून द्यावा. मॅच दहाच्या आसपास संपते, शेवटची गाडी त्याआधीच सुटलेली असते. रविवारी रुळांची दुरुस्ती निघते आणि गाडीऐवजी अर्ध्या रस्त्यात बस मिळते. टीव्ही कंपन्यांना हे सगळं ठाऊक असतं. सामने तरी तसेच लागतात, आणि अवे समर्थकांची सगळ्यात जुनी तक्रार हीच आहे.

बस, बिअर आणि बबल

क्लबची किंवा समर्थक संघटनेची बस हा सर्वांत बिनघोर मार्ग. ती मैदानाच्या पाहुण्यांच्या दाराजवळ सोडते, मॅच लांबली तर थांबते आणि रात्री उशिरा का होईना, गावी परत आणते. तिची अट एकच, कोरडी राहा. १९८५ च्या कायद्यानुसार सामन्याला नेणाऱ्या बसमध्ये दारू नेणं किंवा नेऊ देणं गुन्हा आहे. आठहून जास्त प्रवाशांची मिनीबससुद्धा यात येते, त्यामुळे 'आमची खासगी गाडी आहे' म्हणून सुटका होत नाही. बसने मैदानावर किती आधी पोचायचं, वाटेत पबपाशी थांबायचं की नाही, हेही पोलिसांशी ठरलेलं असतं. रोजच्या रेल्वेगाडीला हा कायदा लागू नाही, पण मोठ्या सामन्याच्या दिवशी रेल्वे कंपनी ठरावीक गाड्या 'ड्राय' जाहीर करते आणि मग फलाटावरच पिशव्या तपासल्या जातात.

त्याच कायद्यामुळे मैदान दिसेल अशा जागी बसून बिअर पिता येत नाही. त्याच मैदानावर रग्बीचा सामना असला की लोक खुर्चीत ग्लास घेऊन बसतात आणि कुणी काही म्हणत नाही. फुटबॉलवाल्यांना याचा राग येतो, आणि तो रास्त आहे. परिणाम असा की सगळी गर्दी मध्यंतरात स्टँडखालच्या कॉनकोर्समध्ये (खाण्यापिण्याच्या मोकळ्या जागेत) उतरते. पंधरा मिनिटांत तीन हजार माणसं, दोन-तीन काउंटर आणि अपुरी स्वच्छतागृहं. काही हवंच असेल तर मध्यंतराआधी पाच मिनिटं खाली जा, नाहीतर नाद सोडा. अनेक अवे एंडमध्ये पाहुण्यांना दारू विकतच नाहीत. आणि प्यायलेल्या अवस्थेत आत शिरू पाहणं हाही गुन्हाच आहे, टर्नस्टाइलवरून परत पाठवलं तर तिकिटाचे पैसे मिळत नाहीत.

'बबल' हा सर्वांत कडक प्रकार. यात पाहुण्यांनी ठरलेल्या बसनेच यायचं आणि त्याच बसने परत जायचं. तिकीटही आधी हातात मिळत नाही, वाटेत महामार्गावरच्या थांब्यावर व्हाउचर देऊन घ्यायचं. कार्डिफ आणि स्वान्झी या वेल्समधल्या दोन क्लबांच्या सामन्यांना बराच काळ हीच पद्धत होती. तुम्ही सामना असलेल्याच गावात राहत असलात तरी आधी आपल्या क्लबच्या मैदानावर जाऊन बसमध्ये बसायचं, मग उलटं यायचं.

असे निर्णय स्थानिक परिषदेच्या, म्हणजे आपल्याकडच्या नगरपालिकेसारख्या संस्थेच्या, सुरक्षा सल्लागार गटात होतात. त्यात परिषद, पोलीस, अग्निशमन आणि रुग्णवाहिका सेवा असतात. मैदानाचं सुरक्षा प्रमाणपत्र परिषदेच्या हातात असल्यामुळे या गटाचा 'सल्ला' क्लबला मोडता येत नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बर्मिंगहॅमला अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धच्या सामन्यात इस्रायलच्या मॅकाबी तेल अवीव क्लबच्या पाहुण्या समर्थकांना मज्जाव झाला तो याच मार्गाने, आणि तो वाद संसदेच्या समितीपर्यंत गेला.

दारापाशी आणि आत

स्टेशनाबाहेरच्या पबच्या दारावर 'होम फॅन्स ओन्ली' पाटी असेल तर आत जाऊ नका. दारावरचा माणूस होम तिकीट मागतो. पाहुण्यांसाठी चालणारे पब कोणते हे तुमचा क्लब सामन्याच्या माहितीपत्रात आधी कळवतो. जर्सीवर साधं जाकीट चढवा, ते थंडीसाठीही लागतंच. डिसेंबरात उत्तर इंग्लंडमध्ये चारच्या आत सूर्य मावळतो आणि काँक्रीटवर दोन तास उभं राहून पाय गारठतात. जाड मोजे आणि जाड तळाचे बूट हवेत.

पिशवी ए-फोर कागदापेक्षा मोठी नको. बहुतेक मोठ्या मैदानांवर हेच माप चालतं. विमानतळावरून किंवा हॉस्टेलवरून ट्रॉली बॅग ओढत थेट मैदानावर गेलात तर आत सोडणार नाहीत, आणि तिथे सामान ठेवायची सोय असेलच असं नाही. मोठ्या स्टेशनांवर सामानघर असतं, तिथे ठेवून या. पाण्याची बाटली असेल तर स्टुअर्ड तिचं झाकण काढून घेतो. बंद भरलेली बाटली फेकली तर दूर जाते आणि डोकं फोडते, उघडी हवेतच सांडते.

तिकीट आता बहुधा फोनवर असतं. ते घरीच वॉलेटमध्ये उतरवून घ्या, कारण मैदानाभोवती हजारो फोन एकाच वेळी नेटवर्कला लटकलेले असतात. टर्नस्टाइलवर फोन रीडरला टेकवायचा, हिरवा दिवा लागला की कंबरेएवढा लोखंडी दांडा ढकलून एकेकट्याने आत. जुन्या मैदानांवर ही फट इतकी अरुंद असते की पाठीवर सॅक घेऊन आडवंच शिरावं लागतं. ल्यूटनच्या केनिलवर्थ रोड मैदानावर पाहुण्यांचं दार चाळीसारख्या एका सलग घरांच्या रांगेतच काढलेलं आहे. दोन्ही बाजूंना लोकांची घरं, आणि जिना चढून वर गेलं की खाली त्यांच्या परसातल्या वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या दिसतात. न्यूकॅसलला उलटी तऱ्हा: पाहुण्यांना सातव्या मजल्यावर बसवतात. गुडघे दुखत असतील किंवा उंचीची भीती वाटत असेल तर तिकीट काढतानाच क्लबला सांगा.

अवे एंडमध्ये कुणी बसत नाही. तिकिटावर रांग आणि खुर्ची छापलेली असते, नियमही बसण्याचा असतो, पण पहिल्या शिट्टीपासून शेवटपर्यंत सगळे उभे. हल्ली काही ठिकाणी खुर्च्यांपुढे कठडे लावून उभं राहण्याला रीतसर परवानगी दिली आहे. लहान मूल किंवा वयस्क माणूस बरोबर असेल तर अगदी पुढची रांग मागा, मागून काही दिसणार नाही. गोल झाला की लोक दोन-तीन रांगा खाली कोसळतात. खुर्चीची पाठ नडगीवर बसते, चष्मा उडतो. फोन आतल्या खिशात ठेवा.

शाकाहारी मंडळींसाठी कॉनकोर्समध्ये चीज-कांद्याचा 'पाय' (सारण भरून भाजलेली पेस्ट्री) असतो, पण तोच आधी संपतो. गोमांस वर्ज्य असेल तर स्टेक पाय टाळालच. कपातून मिळणारं गरम बोव्हरिल मात्र अनेकांना सूप वाटतं, ते गोमांसाच्या अर्काचं असतं.

काय केलं तर अंगाशी येतं, तेही सांगायला हवं. मैदानात उतरणं, काही फेकणं आणि वंशद्वेषी घोषणा हे १९९१ च्या कायद्याखाली गुन्हे आहेत. फ्लेअर किंवा धुराची नळी पेटवायची गरज नाही, ती जवळ बाळगून आत शिरणं पुरतं. हिल्सबरोसारख्या दुर्घटनांतल्या मृतांवरून समोरच्यांना डिवचणारी गाणी म्हणणाऱ्यांवरही आता खटले होतात. शब्द कळत नसतील तर शेजारच्याच्या सुरात सूर मिसळू नका. शिक्षेबरोबर न्यायालय तीन ते दहा वर्षांची फुटबॉल बंदी घालू शकतं. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला तर गुन्ह्याची नोंद पुढच्या अर्जात नडू शकते.

उलट तुम्हालाच कुणी रंगावरून किंवा देशावरून काही बोललं, तर भांडत बसू नका. ब्लॉक, रांग आणि मिनिट टिपून ठेवा, जवळच्या स्टुअर्डला सांगा, मैदानाच्या संदेश क्रमांकावर कळवा. अवे एंडवर कॅमेरे सर्वाधिक रोखलेले असतात, त्यामुळे नेमकी वेळ दिली की माणूस सापडतो. एकट्याने जायला बिचकत असाल तर दक्षिण आशियाई समर्थकांचे गट आहेत. वुल्व्ह्जचे पंजाबी वुल्व्ह्ज, डर्बीचे पंजाबी रॅम्स हे त्यातले जुने.

मॅच संपल्यावर कधी कधी पाहुण्यांना दहा-पंधरा मिनिटं आत रोखतात, होमची गर्दी पांगेपर्यंत. चिडून उपयोग नाही. सोडल्यावर गर्दीबरोबरच चाला. 'जवळचा रस्ता' म्हणून फोनच्या नकाशावर विसंबून गल्लीत शिरणारे बरेचदा समोरच्यांच्या पबपाशी निघतात.

युरोपात आणि भारतातून

युएफाच्या, म्हणजे युरोपातल्या फुटबॉल संघटनेच्या स्पर्धांत पाहुण्यांना क्षमतेच्या पाच टक्के जागा असतात. २०२५-२६ मध्ये अवे तिकिटाची कमाल किंमत चॅम्पियन्स लीगला ५० युरो, युरोपा लीगला ३५ आणि कॉन्फरन्स लीगला २० ठरली होती. इटली-स्पेनमध्ये मॅचनंतर तासभर अडकवून ठेवणं सर्रास चालतं, त्यामुळे रात्रीचं परतीचं विमान काढू नका. नेदरलँड्समध्ये जोखमीच्या सामन्यांना बबलसारखीच सक्तीची बस किंवा रेल्वे असते. अर्जेंटिनात तर २०१३ पासून पाहुण्यांना बहुतांश बंदीच आहे.

भारतीय पासपोर्टवर ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांची खरी अडचण वेगळी: युरोपातल्या बहुतेक देशांसाठी लागणारा शेंगेन व्हिसा. बाद फेरीतला प्रतिस्पर्धी ठरतो आणि सामना होतो यात कधी दोन-तीनच आठवडे असतात. व्हिसाच्या निर्णयालाच साधारण पंधरा दिवस धरतात, आणि अर्जाची अपॉइंटमेंट मिळेल ती वेगळी. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, म्हणून मोसमाच्या सुरुवातीलाच एखाद्या पक्क्या सहलीसाठी बहुप्रवेश व्हिसा मागून ठेवणारे पुढे सुखी राहतात. परत येताना तुमचा ब्रिटनचा ई-व्हिसा चालू पासपोर्टला जोडलेला आहे ना, तेही बघा.

मुंबई-पुण्याहून खास एका अवे सामन्यासाठी जायचा बेत असेल तर स्पष्टच सांगायला हवं, ते जवळपास अशक्य आहे. पॉइंट नसतात आणि तारीख उशिरा पक्की होते. गेलातच तर दोन शनिवार-रविवार हातात ठेवा, आपल्या क्लबचा होम सामना अधिकृत मार्गाने बघा, आणि अवेची हौस खालच्या विभागात भागवा.

तिथे ती खरोखर भागते. पाचव्या विभागाच्या खाली १९८५ चा दारूबंदीचा नियम लागू नाही, समर्थकांना वेगळं ठेवण्याची पद्धतही क्वचितच. दारावर पैसे देऊन आत जायचं. मध्यंतरात दोन्हीकडचे लोक हातात ग्लास घेऊन बाजू बदलतात, म्हणजे आपला संघ ज्या गोलवर हल्ला करणार त्यामागे जाऊन उभे राहतात. अडचण येते ती पावसाची. ही मैदानं लवकर चिखलतात आणि सकाळी पंच येऊन 'पिच इन्स्पेक्शन' करतो. आदल्या रात्री जोराचा पाऊस झाला असेल तर त्याचा निकाल क्लबच्या समाजमाध्यमावरच्या खात्यावर येईपर्यंत रेल्वेचं तिकीट काढू नका.